डायल काहीही म्हणो, आधी झाकण उघडा

घड्याळदुरुस्तीत केस पांढरे झालेल्या एखाद्या माणसाकडे जुनं मनगटी घड्याळ नेऊन बघा. डायलवरचं नाव तो क्वचितच वाचतो. घड्याळ उलटं करतो, झाकणाच्या खाचेत पातं घालून ते टचकन उघडतो, डोळ्याला भिंग लावतो आणि दहा सेकंदांत म्हणतो, “मशीन चांगलं आहे.” किंवा काहीच न बोलता झाकण परत दाबून घड्याळ तुमच्या हातात ठेवतो. त्याच्या लेखी घड्याळ म्हणजे आतलं मशीन. काच, डायल, काटे, चावी, पट्टा हे सगळं बदलता येतं, आणि पन्नास-साठ वर्षांच्या घड्याळात ते बहुतेक वेळा बदललेलंच असतं.

मला हे पैसे मोजून कळलं. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एक घड्याळ घेतलं. निळंशार डायल, त्यावर एका नावाजलेल्या स्विस कंपनीची सोनेरी अक्षरं, काटे चकचकीत. घरी आणून झाकण उघडून घेतलं, तर आत एचएमटीचं मशीन, ०२३१ क्रमांकाचं. मशीन मजबूत होतं, चालतही होतं, पण डायलशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्या दिवसापासून मी डायल शेवटी वाचतो.

मशीन ओळखायला लागतं काय? थोडा उजेड, एक भिंग, बारीक माप घ्यायचा एक व्हर्निअर आणि बघण्याची सवय. कारागीर व्हायची गरज नाही.

आधी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. घड्याळावरचं नाव आणि मशीन बनवणाऱ्याचं नाव वेगळं असणं यात गैर काहीच नाही. स्वित्झर्लंडमध्ये हा धंदा पहिल्यापासून वाटून घेतलेला होता. कुणी स्प्रिंगा करायचा, कुणी काटे, कुणी डायल, आणि काही मोठे कारखाने अर्धवट तयार मशीन करायचे. अशा मशीनला तिकडे एबोश म्हणतात. त्यात खालची प्लेट, वरचे ब्रिज, म्हणजे चाकं वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, चाकं आणि चावीची जोडणी एवढं असायचं. घड्याळ विकणारी कंपनी ते विकत घ्यायची, त्यात बॅलन्स, हेअरस्प्रिंग आणि घड्याळाला ताकद देणारी मेनस्प्रिंग बसवायची, आपल्या ऐपतीप्रमाणे सफाई करायची आणि ब्रिजवर स्वतःचं नाव कोरायची. आपल्याकडे मिठाईवाला खवा बाहेरून आणतो आणि पेढ्यावर शिक्का स्वतःचा मारतो, तसंच हे. खवा चांगला आणि हातही चांगला असेल तर पेढा उत्तमच होतो.

एबोश करणाऱ्यांत फाँटेनमेलाँचा कारखाना सगळ्यांत जुन्यांपैकी, १७९३ सालचा. मशीनवर त्याची खूण एफएचएफ अशी येते. ग्रेन्शेन गावात १८९६ साली ए. शिल्डनं कारखाना काढला, त्याची खूण एएस. एटा हाही त्याच गावचा. शिवाय पेझू, युनिटास, फेल्सा. आणि स्टॉपवॉचची सोय असलेल्या क्रोनोग्राफ घड्याळांसाठी व्हॅल्जू, व्हीनस, लँडेरॉन. १९२६ साली ए. शिल्ड, फाँटेनमेलाँ आणि ए. मिशेल या तिघांनी मिळून एबोश एस.ए. नावाची संस्था उभी केली, आणि पुढे बाकीचे एकेक करून तिच्यात आले. एटा आली १९३२ मध्ये. म्हणून १९५०-६० च्या दशकांतली मधल्या किमतीची दोन स्विस घड्याळं घेतली, दोघांची नावं वेगळी, किमती वेगळ्या, तरी आत एकच मशीन निघणं अगदी स्वाभाविक आहे.

मुंबईशी जुनं नातं असलेल्या दोन नावांत हा फरक छान दिसतो. वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव १८८६ मध्ये मुंबईच्या बाजारासाठीच सुरू झालं. त्यांचं ‘सोवार’ हे घड्याळ फौजेतल्या आणि रेल्वेतल्या कितीतरी घरांत पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं. वेस्ट एंड मशीन बाहेरून घ्यायची, सुरुवातीच्या काळात लाँजिन्ससारख्या कारखान्याकडूनही. फाव्र-लुबा १७३७ ची कंपनी, मुंबईत १८६७ पासून. तिनं बाहेरची मशिनं वापरली आणि स्वतःचीही केली. १९६२ मध्ये आलेलं तिचं एफएल २५१ हे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं, आणि त्यात मेनस्प्रिंगच्या डब्या एकाऐवजी दोन आहेत. झाकण उघडल्यावर शेजारी शेजारी दोन डब्या दिसल्या, की हे मशीन ओळखायला आकडा वाचायचीही गरज पडत नाही. मला स्वतःला ते फार आवडतं. इतक्या कमी जागेत इतका विचार करणारी माणसं कोण असतील, असं प्रत्येक वेळी वाटतं.

मशीनच्या मॉडेलला कॅलिबर म्हणतात. कॅलिबर कळलं की सगळं कळलं: सुटे भाग कुठले लागतील, मशीन साधारण कुठल्या काळातलं आहे, त्यावर कुठलं डायल बसू शकतं, कुठलं बसूच शकत नाही.

झाकण उघडल्यावर

झाकणं मुख्यतः दोन तऱ्हेची. दाबून बसवलेल्या झाकणाच्या कडेला एके ठिकाणी बारीक ओठ किंवा खाच असते, तिथे पातं घालून ते उघडतात. आट्यांच्या झाकणाला कडेनं सहा किंवा जास्त खाचा असतात, त्याला त्याची किल्लीच लागते. पक्कड, कात्री, स्क्रूड्रायव्हर असलं काही लावू नका. झाकणावर ओरखडे असलेली जी जुनी घड्याळं बाजारात दिसतात, त्यांवर कुणीतरी हाच प्रयोग केलेला असतो. काही घड्याळांना मागून झाकणच नसतं, काच काढून मशीन पुढून बाहेर येतं. झाकण सापडत नसेल तर थांबा आणि दुरुस्तीवाल्याकडे जा. आणि कोकणात, मुंबईत राहत असाल तर भर पावसाळ्यात घड्याळ उघडून तासभर टेबलावर ठेवू नका. आत शिरलेला दमटपणा काचेच्या आतून धुकं होऊन दिसतो आणि लोखंडी भागांवर गंज होऊन राहतो.

आत पहिली नजर जाते ती एका गोल, सतत मागेपुढे डोलणाऱ्या चाकाकडे. हा बॅलन्स. त्याच्या पोटात केसासारखी बारीक गुंडाळलेली हेअरस्प्रिंग. इथे बोट, चिमटा, काडी काहीही नेऊ नका. फक्त बघा. कारण कॅलिबरचा आकडा सगळ्यांत जास्त वेळा इथेच असतो, बॅलन्सच्या खाली, मुख्य प्लेटवर. घड्याळ तिरपं करून, बाजूनं टॉर्च मारून बघितलं की बॅलन्सच्या आरांमधून बारीक अक्षरं दिसतात: एखादं ढालीसारखं चिन्ह, दोन-तीन अक्षरं, त्याखाली दोन ते चार आकडे. ढालीत एएस आणि खाली ११३० दिसलं तर ते ए. शिल्डचं ११३०. ब्रिजवर नाव कुणाचंही असो, खरा बाप तो. बॅलन्स फिरत असेल तर अक्षरं डोळ्यांना नीट वाचता येत नाहीत. मोबाइलवर जवळून पाच-सहा फोटो काढा, एका तरी फोटोत आकडा सापडतो.

तिथे नसेल तर प्लेटच्या कडेला बघा, मेनस्प्रिंगच्या डबीशेजारी बघा, ब्रिजवर बघा. ओमेगा आपला आकडा ब्रिजवर उघड कोरते. ऑटोमॅटिक घड्याळात वर अर्धगोल वजन, म्हणजे रोटर असतो. तो हलकेच फिरवला की त्याच्याखाली झाकलेले आकडे दिसतात.

एक चूक सगळे करतात, मीही केली. झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलेला लांबलचक आकडा हा बहुतेक स्विस घड्याळांत केसचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा क्रमांक असतो, मशीनचा नाही. तिथेच सुईनं ओरखडल्यासारख्या बारीक खुणा दिसतात, त्या पूर्वीच्या दुरुस्तीवाल्यांच्या: तारीख, नावाचं आद्याक्षर, कधी नुसता सांकेतिक आकडा. त्या जपा. घड्याळ किती वेळा आणि कधी उघडलं गेलं याची ती वहीच आहे.

जपानी आणि रशियन घड्याळांत मात्र काम सोपं आहे. सेकोच्या झाकणावर बाहेरच चार आकडे, मग रेघ, मग आणखी चार आकडे-अक्षरं असतात. पहिले चार म्हणजे कॅलिबर. ७००९ असेल तर आत ७००९ मशीन असायला हवं. आत ६३०९ निघालं तर झाकण किंवा मशीन दोन्हींपैकी एक दुसऱ्या घड्याळाचं. त्याच झाकणावर सहा आकड्यांचा क्रमांक असेल तर त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना. ऑक्टोबरसाठी शून्य, नोव्हेंबरसाठी एन, डिसेंबरसाठी डी. ७एन नं सुरू होणारा क्रमांक म्हणजे सात आकडा शेवटी असलेल्या सालातला नोव्हेंबर. दशक कुठलं, ते कॅलिबर कुठल्या काळात बनत होतं यावरून ठरवायचं. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांत आखातातून आलेली सेको फाइव्ह अजून असतात. त्यांची जन्मतारीख अशी घरबसल्या काढता येते. फक्त बाहेरचा आकडा आतल्या आकड्याशी ताडून बघायचा, एवढंच.

रशियन पद्धत तर शिकवायला ठेवावी इतकी सरळ आहे. चार आकड्यांतले पहिले दोन मशीनचा व्यास मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन म्हणजे त्यात काय काय सोयी आहेत. वोस्तोकचं २४०९ म्हणजे २४ मिलिमीटरचं, चावीचं, मधोमध सेकंदकाटा असलेलं. २४१४ त्याच घराण्यातलं, तारखेसह. २४१६ ऑटोमॅटिक, तारखेसह. राकेताचं २६०९ म्हणजे २६ मिलिमीटर, आणि ०९ पुन्हा मधला सेकंदकाटाच. पोबेदाच्या २६०२ मध्ये सेकंदकाटा खाली, सहाच्या वर छोट्या वर्तुळात. हे पोबेदा घराणं मूळचं फ्रेंच: लिप कंपनीच्या आर-२६ वरून ते घेतलेलं. आकड्याशेजारी कारखान्याचं चिन्ह असतं, त्यावरून कुठल्या शहरातलं ते कळतं.

आकडा सापडलाच नाही तर

असं होतं. विशेषतः स्वस्त घड्याळांत, आणि खूप जुन्यांत. मग मशीनला माणसासारखं ओळखायचं: उंची, चेहरा, चाल.

उंची म्हणजे व्यास. स्विस लोक अजून लिन्य नावाच्या जुन्या फ्रेंच मापात बोलतात. एक लिन्य म्हणजे साधारण २.२५६ मिलिमीटर, जुन्या फ्रेंच इंचाचा बारावा भाग. साडेअकरा लिन्यचं मशीन असं कुणी म्हणालं तर २६ मिलिमीटरच्या आसपास समजायचं. मोजताना मशीनची सगळ्यांत बाहेरची कड मोजू नका. केसमध्ये जिथे ते टेकतं त्याच्या आतला, डायलकडचा व्यास मोजा, कॅटलॉगमध्ये माप तेच असतं. केस आणि मशीन यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा कडा घातलेला दिसला तर शंका घ्या. काही कंपन्या असा कडा स्वतःच घालायच्या, पण हातानं कापलेला, वेडावाकडा कडा असेल तर मशीन दुसऱ्या केसमधून आलेलं असतं.

चेहरा म्हणजे ब्रिजची ठेवण. बॅलन्सचा ब्रिज एका पायाचा आहे की दोन्ही बाजूंनी टेकलेला? चाकांवर एकच मोठा ब्रिज आहे की दोन-तीन वेगळे? त्यांच्या कडा सरळ की नागमोडी? डबीवरच्या दोन चाकांत स्क्रू मध्ये आहे की कडेला? हे सगळं कॅलिबरगणिक बदलतं. मधल्या सेकंदकाट्याकडेही बघा. जुन्या मशिनांत सेकंदाचं चाक सहाच्या बाजूला असायचं, म्हणून सेकंदकाटाही खाली छोटा. पुढे लोकांना मोठा, मधला सेकंदकाटा हवासा झाला, तेव्हा काही कारखान्यांनी जुन्याच मशीनवर एक जादा चाक आणि ते दाबून धरणारी पातळ पट्टी बसवली. ब्रिजच्या वर असं चाक आणि पट्टी दिसली तर मशीनचा मूळ आराखडा छोट्या सेकंदाचा आहे हे लगेच कळतं. अशा घड्याळात पट्टीचा दाब बिघडला की सेकंदकाटा थरथरतो, अडखळत चालल्यासारखा दिसतो. पुष्कळ जण तेवढ्यावरून घड्याळ भंगारात काढतात. ते एका पट्टीचं दुखणं असतं.

ऑटोमॅटिक असेल तर रोटर पूर्ण फिरतो का ते बघा. १९४० च्या दशकातल्या काही मशिनांत वजन एका मर्यादेपर्यंतच जातं आणि स्प्रिंगला धडकून परत येतं. हातात घेऊन हलवलं की आत ठकठक जाणवतं. पूर्ण फिरणारा रोटर रोलेक्सनं १९३१ मध्ये आणला, आणि दोन्ही दिशांना चावी भरणारं फेल्साचं बायडायनेटर १९४२ मध्ये. सेकोच्या १९५९ नंतरच्या पुष्कळ मशिनांत रोटरखाली खेकड्याच्या नांग्यांसारखा दोन टोकांचा एक भाग असतो, तो मॅजिक लिव्हर.

चाल म्हणजे टिकटिक. आकडा न बघता, झाकण न उघडताही ती मोजता येते. मोबाइलवर अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून हळू वेगानं ऐका. जुनी घड्याळं बहुतेक तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. सेको ७००९ तासाला २१,६००, म्हणजे सेकंदाला सहा. आणखी वेगवान मशिनं २८,८०० किंवा ३६,००० ची. त्यामुळे एखाद्या १९५० च्या म्हणून सांगितलेल्या घड्याळाचा सेकंदकाटा सेकंदाला आठ पावलं टाकत असेल, तर ते सांगणं खरं नाही.

ज्वेल, म्हणजे मशीनमधले ते लाल खडे, यांच्याबद्दल दोन शब्द जास्त बोलावेसे वाटतात, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत. ते रत्न म्हणून घातलेले नसतात. कृत्रिम माणिक स्वस्तात करण्याची वेर्नेयची पद्धत १९०२ पासून जगाला माहीत झाली, आणि घड्याळातले खडे त्यानंतर जवळपास सगळे कृत्रिमच. धातू धातूवर घासला की झिजतो, माणिकावर फार कमी झिजतो, म्हणून चाकांच्या टोकांखाली ते बसवतात. सतराचा हिशोब असा: बॅलन्सला चार, दोन भोकाचे आणि दोन वरून झाकणारे, बॅलन्सच्या तबकडीत एक, चाकाला ठोक्याठोक्यानं अडवून सोडणाऱ्या पॅलेट फोर्कच्या दोन दाढा आणि त्याच्या अक्षाला दोन, मग तो अडवतो ते एस्केप व्हील, चौथं चाक, तिसरं चाक आणि मधलं चाक, प्रत्येकाला दोन दोन. बेरीज करून बघा. मधल्या चाकाचे दोन गाळले की पंधरा. चावीच्या साध्या घड्याळाला सतरा पुरेसे आहेत. त्याच्या वर जातात ते ऑटोमॅटिक किंवा इतर जादा जोडणीसाठी, आणि काही वेळा फक्त डायलवर मोठा आकडा लिहायला.

सतरावरच इतकी घड्याळं थांबली याला आणखी एक कारण आहे, आणि ते अमेरिकेच्या जकातीत आहे. तिथल्या १९३० च्या कायद्यानं सतरापेक्षा जास्त खड्यांच्या मशीनवर १० डॉलर ७५ सेंट इतकी जबर जकात लावली. ठरावीक तापमानांना आणि वेगवेगळ्या स्थितींत जुळवलेल्या मशीनवरही जादा पैसे. म्हणून तिकडे गेलेल्या स्विस मशिनांवर ‘सतरा ज्वेल’ आणि ‘अनॲडजस्टेड’ (न जुळवलेलं) हे शब्द शेजारी शेजारी दिसतात, मशीन उत्तम असलं तरी. शिवाय बॅलन्सच्या ब्रिजवर तीन रोमन अक्षरं असतात. तो आयात करणाऱ्याचा संकेत. ओएक्सजी असेल तर ओमेगा, आरओडब्ल्यू असेल तर रोलेक्स. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात राहणारे आपले लोक तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून घड्याळं घेतात, त्यांना ही तीन अक्षरं फार उपयोगी पडतात: डायल कुणाचंही असो, मशीन कुणाच्या नावावर जहाजातून उतरलं ते कळतं.

आणि ज्यात खडेच नाहीत किंवा एकच आहे, ते? ती बहुतेक पिन लिव्हर घड्याळं. रॉस्कोफ नावाच्या माणसानं १८६० च्या दशकात कामगाराला परवडेल असं घड्याळ करायला घेतलं, त्या घराण्यातली. पॅलेटला माणकाच्या दाढांऐवजी पोलादी पिना असतात. आवाज मोठा, खणखणीत. विकत घेताना डायलवर ज्वेलचा आकडा नसेल तर आधी याची खात्री करा. ती वाईट नसतात, पण सतरा ज्वेलच्या भावानं घेऊ नयेत.

बॅलन्सच्या बरोबर मध्यावर, खड्याला दाबून धरणारी एक सूक्ष्म स्प्रिंग असते. घड्याळ पडलं तर बराचसा धक्का ती सोसते. ती नसेल तर बॅलन्सचा स्टाफ, म्हणजे केसाएवढ्या टोकांचा त्याचा अक्ष, सहज तुटतो. या स्प्रिंगचा आकार म्हणजे जवळजवळ सही. दोन शिंगं बाहेर वळलेली, गाईच्या मुखवट्यासारखी दिसली तर स्विस इन्काब्लॉक. तिपानी असेल तर बहुधा किफ. सेकोची डायशॉक. सिटिझननं १९५६ मध्ये पॅराशॉक आणली, आणि हाच शब्द तुम्ही शंभर वेळा वाचला असेल, कारण तो एचएमटीच्या डायलवर असतो. एचएमटीनं १९६१ साली बंगळुरात घड्याळांचा कारखाना काढला तो जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं, आणि मशीनची घडणही सिटिझनकडूनच आली. जनता, पायलट, कोहिनूर यांच्यातलं ०२३१ त्याच वंशाचं, चावीचं, सतरा ज्वेलचं. म्हणून स्विस नावाच्या डायलखाली पॅराशॉकची स्प्रिंग दिसली, तर पुढचं काही विचारायलाच नको.

डायलच्या खाली

एवढं करूनही नक्की होत नसेल तर शेवटचा आणि सगळ्यांत खात्रीचा पुरावा डायलखाली असतो. चावी बाहेर ओढून फिरवली की काटे फिरतात, आत दाबून फिरवली की मेनस्प्रिंग भरते. हा बदल करणाऱ्या लिव्हरला जागेवर धरणारा एक छोटा पोलादी तुकडा डायलखाली, चावीच्या दांडीशेजारी असतो: सेटिंग लिव्हरची स्प्रिंग. एकाची मान लांब, दुसऱ्याची आखूड, तिसऱ्याला दोन पाय, चौथ्याला हुकासारखं वळण. प्रत्येक कारखान्याची घडण वेगळी, आणि एकाच कारखान्याच्या दोन कॅलिबरांतही ती बहुधा वेगळी. म्हणून सुट्या भागांच्या जुन्या व्यापारी कॅटलॉगांत पानंच्या पानं या एका तुकड्याच्या रेखाचित्रांनी भरलेली असतात. व्यास मोजायचा, त्या मापाच्या पानावर जायचं, आणि बोटाचे ठसे जुळवावेत तसे आकार जुळवत जायचं. मला यात तासन् तास गेलेले कळत नाहीत. पण काटे आणि डायल काढायचं काम दुरुस्तीवाल्यालाच सांगा. काटा वाकडा झाला, डायलला ओरखडा गेला, की तो पुन्हा भरून येत नाही.

डायल निघालं की ते उलटं करून बघायचं. मागे तांब्याचे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या दोन भोकांत जातात आणि बाजूच्या स्क्रूनं आवळले जातात. पायांची जागा त्या त्या कॅलिबरसाठी ठरलेली. म्हणून एका मशीनचं डायल दुसऱ्यावर सहसा बसतच नाही. बसवायचंच असेल तर पाय कापून डायल डिंकानं किंवा दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं लावतात. कापलेल्या पायांचे गोल डाग आणि टेपचे अवशेष दिसले, की त्या घड्याळाचं डायल नंतर आलंय याबद्दल वाद उरत नाही.

पुन्हा रंगवलेली डायलं हा वेगळाच विषय. जगभरचे संग्राहक रंगरंगोटी केलेल्या अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि हे ऐकून मला वाईट वाटतं. कारण त्याच शहरातल्या गल्ल्यांमध्ये कुठलंही मशीन नुसतं बघून ओळखणारे हात आहेत. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. त्यानंतर एचएमटीलाही गिऱ्हाईक वाढलं, तशी नवी, भडक रंगांची, देवनागरी आकड्यांची डायलंही वाढली. देवनागरी आकड्यांची काही डायलं कंपनीची अस्सल आहेत, पण चौदा रंगांत नाहीत. अशा घड्याळात मशीन मात्र बहुतेक वेळा खरं असतं. डायल आवडलं तर घ्या, पण पैसे मशीनचे द्या.

माझ्या त्या निळ्या घड्याळाचं सांगायचं राहिलं. सहा महिन्यांनी ते हातातून फरशीवर पडलं आणि बंद झालं. दुरुस्तीवाल्यानं भिंगातून बघितलं, बॅलन्स चिमट्यानं हलकेच डोलवला आणि म्हणाला, “स्टाफ गेलाय.” कुठल्या कंपनीचं घड्याळ, हे त्यानं विचारलं नाही. खालच्या खणातून कागदाच्या पिवळ्या पडलेल्या पुड्यांचा गठ्ठा काढला, त्यातली ०२३१ लिहिलेली पुडी बाजूला ठेवली आणि काम करता करता डायलही काढलं. मागे अपेक्षेप्रमाणे टेप. मग त्याच खणातून एक जनताचं डायल निघालं, कडेनं पिवळं, आठाच्या आकड्यापाशी एक तपकिरी डाग. त्यानं ते मशीनवर धरलं आणि बोटानं नुसतं टेकवलं. दोन्ही पाय आपापल्या भोकांत अलगद गेले.